पावतीपासून हेलसिंकीपर्यंत: युरोपातली रसायनाची फाइल कशी वाचायची

दुकानातली छापील पावती हातात घ्या आणि छापलेल्या बाजूवर नखानं जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच. कागदाच्या लेपात रंग आणि त्या रंगाला काळं करणारं दुसरं रसायन शेजारी शेजारी असतात, आणि उष्णता लागली की एकत्र येतात. हे दुसरं रसायन कित्येक वर्षं बिस्फेनॉल ए होतं. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या बरणीत ते साखळीत बांधलेलं असतं, पावतीवर मात्र सुटं असतं. म्हणून ते बोटाला लागतं.

युरोपीय संघात २ जानेवारी २०२० पासून वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बिस्फेनॉल ए असलेला थर्मल कागद विकता येत नाही. या एका ओळीच्या नियमामागे बरीच वर्षं आणि शेकडो पानं आहेत. तेवढेच मतभेदही आहेत. ही सगळी फाइल सार्वजनिक आहे. माझं रोजचं काम अशाच फायली वाचण्याचं आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या कारखान्यांत हे काम कुणातरी केमिस्टच्या गळ्यात पडतं, आणि त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. त्या केमिस्टसाठी, रसायनशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आणि ‘युरोपात बंदी, आपल्याकडे सर्रास’ असा मथळा वाचून अस्वस्थ होणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण शेवटपर्यंत बिस्फेनॉल एचंच ठेवते.

आधी माणसं ओळखा

शास्त्र सांगणारे आणि निर्णय घेणारे युरोपात मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. हेलसिंकीत युरोपीय रसायन संस्था आहे. ‘रीच’ हा १ जून २००७ पासून लागू झालेला कायदा ती चालवते. इटलीत पार्मा इथे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण आहे, त्याला सगळे ‘एफ्सा’ म्हणतात. हे दोघे मत देतात. नियम करतो तो ब्रसेल्सचा युरोपीय आयोग, आणि तोही सदस्य देशांच्या प्रतिनिधींचं मतदान घेऊन. ‘एफ्सानं बंदी घातली’ असं वाक्य कुठं दिसलं तर ते चुकीचं आहे, कारण एफ्साला बंदी घालण्याचा अधिकारच नाही.

हेलसिंकीत आणखी दोन नावं लक्षात ठेवा. जोखीम मूल्यांकन समिती, म्हणजे ‘रॅक’, अपाय किती हे सांगते. सामाजिक-आर्थिक विश्लेषण समिती, म्हणजे ‘सीॲक’, निर्बंध घातला तर कुणाला किती खर्च आणि कुणाला किती फायदा हे मांडते. पावतीच्या गोष्टीत या दोघींचं उत्तर एकसारखं आलं नाही. तो भाग पुढे येतोच.

पायरी १: नाव सोडा, नंबर धरा

एकाच रसायनाला दहा व्यापारी नावं असतात. कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक, मात्र एकच असतो, बिस्फेनॉल एचा ८०-०५-७. युरोपीय रसायन संस्थेच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला की त्या पदार्थाचं पान उघडतं. नोंदणी, वर्गीकरण आणि कुठली कारवाई कुठल्या टप्प्यावर आहे, हे सगळं तिथं दिसतं. पुरवठादाराच्या सुरक्षापत्रकावर नंबर नसेल किंवा ‘मिश्रण’ एवढंच लिहिलं असेल, तर तिथंच थांबून आधी नंबर मागा. पुढची सगळी मेहनत त्यावर उभी असते.

पायरी २: वापर कोणता ते ठरवा, मग कायदा कोणता ते कळतं

बिस्फेनॉल ए पावतीवर असेल तर ‘रीच’ लागू होतो. अन्नाच्या डब्याच्या आतल्या लाखेत असेल तर अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंचा कायदा लागतो आणि शास्त्रीय मत पार्म्याचं. शेतीची औषधं, सौंदर्यप्रसाधनं आणि मानवी औषधं यांचे रस्ते वेगळे आहेत. पुष्कळ लोक इथंच चुकतात. पावतीचा नियम वाचून डब्याबद्दल बोलतात.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हा फरक २०१० मध्ये फार महागात पडला होता. त्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. शेतमालातल्या औषधाच्या अंशाची मर्यादा, म्हणजे एमआरएल, ही विषारीपणाची सीमारेषा नसते. ते औषध नीट पद्धतीनं वापरलं तर मालात जास्तीत जास्त किती उरेल, यावरून ती ठरते. मग तेवढा अंश खाणाऱ्याला सुरक्षित आहे का, हे तपासतात. ज्या औषधासाठी त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथं सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. त्यामुळे ‘मर्यादा ओलांडली’ याचा अर्थ ‘विषबाधा होणार’ असा होत नाही. कंटेनर मात्र अडकतोच.

पायरी ३: नोंदणीची फाइल वाचा, पण ती कुणी लिहिली ते विसरू नका

‘रीच’चं मूळ तत्त्व असं: माहिती नाही तर बाजार नाही. वर्षाला १ टन किंवा जास्त पदार्थ बनवणाऱ्या वा आयात करणाऱ्या प्रत्येकानं नोंदणी करायची. १, १०, १०० आणि १००० टन अशा पायऱ्या आहेत, आणि टन वाढले की चाचण्या वाढतात. युरोपबाहेरच्या कारखान्याला थेट नोंदणी करता येत नाही. आयातदार ती करतो, किंवा युरोपात नेमलेला ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’. आपल्या औद्योगिक वसाहतीतले निर्यातदार त्याला नुसतं ‘ओआर’ म्हणतात.

फाइल उघडल्यावर विषशास्त्राचा विभाग काढा. प्रत्येक अभ्यासापुढे १ ते ४ असा विश्वासार्हतेचा गुण असतो. १ म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं केलेला आणि नीट नोंदवलेला अभ्यास. ३ म्हणजे विसंबू नये असा, आणि ४ म्हणजे गुण द्यायलाही पुरेशी माहिती नाही असा. बऱ्याच ठिकाणी त्या पदार्थावर प्रयोग झालेलाच नसतो, रचनेनं जवळच्या भावंडावर झालेला असतो. त्याला ‘रीड-अक्रॉस’ म्हणतात. हे चालतं, पण ती दोन भावंडं शरीरात सारखीच वागतात, याचा पुरावा पुढे जोडलेला हवा. नुसता कागदावरचा सारखेपणा पुरत नाही.

आता महत्त्वाचं. ही फाइल कंपन्यांनी लिहिलेली असते. हेलसिंकीत ती आल्यावर सगळे रकाने भरलेत का हे पाहिलं जातं, आतल्या शास्त्राची खोलवर तपासणी मात्र निवडक फायलींचीच होते. कायद्यानं आधी किमान ५ टक्के फायली तपासायच्या होत्या, २०२० मध्ये ते प्रमाण २० टक्के केलं. शितावरून भाताची परीक्षा, पण शितं निदान वाढवली. म्हणून नोंदणीतला आकडा ‘युरोपनं मान्य केलेला’ म्हणून कुठं लिहू नका. रॅक किंवा एफ्साच्या मतातला आकडा असेल तरच तसं लिहा.

इथं आपल्या लोकांसाठी एक चांगली गोष्ट आहे. चाचण्यांची माहिती एकमेकांनी मान्य करायची, अशी ओईसीडी, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, या गटातल्या देशांची व्यवस्था आहे. भारत २०११ मध्ये तिच्यात पूर्णपणे सामील झाला. त्यामुळे जीएलपी, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’चं, प्रमाणपत्र असलेल्या भारतीय प्रयोगशाळेनं ओईसीडीच्या पद्धतीनं केलेली चाचणी युरोपात पुन्हा करावी लागत नाही. पैसे वाचतात, आणि प्राणीही वाचतात.

पायरी ४: धोका आणि जोखीम वेगळे काढा

ॲसिडचा कारबॉय गोदामात बंद असो की कामगाराच्या हातात उघडा, ॲसिडचा धोका तेवढाच असतो. जोखीम मात्र दोन ठिकाणी अगदी वेगळी. युरोपात वर्गीकरण फक्त धोक्यावर होतं: हा पदार्थ कर्करोग करू शकतो का, प्रजननक्षमतेला घातक आहे का, असे ते प्रश्न. बिस्फेनॉल ए प्रजननाला घातक, वर्ग १बी, असं ठरलं. त्यावरून जानेवारी २०१७ मध्ये तो अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेला. निर्यातवाले तिला ‘एसव्हीएचसी लिस्ट’ म्हणतात. त्याच वर्षी, संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतो, हे दुसरं कारणही नोंदलं गेलं. उद्योगसंघटनेनं याला न्यायालयात आव्हान दिलं आणि २०१९ मध्ये ती हरली.

शास्त्रज्ञांचं मत न्यायालयात टिकतंच असं नाही. टायटॅनियम डायऑक्साइडची पूड श्वासातून गेल्यास कर्करोगाची शंका, या वर्गीकरणाचं काय झालं ते बघा. रॅकनं एका उंदरांवरच्या अभ्यासाचा आधार घेताना फुफ्फुसात कणांची किती गर्दी झाली याचा हिशेब केला. त्यात एकेकट्या कणाची घनता धरली. कण गुठळ्या करून राहतात, आणि गुठळीची घनता कमी असते. तेवढ्याच वजनाच्या गुठळ्या जास्त जागा व्यापतात. ही उघड चूक आहे असं म्हणून युरोपीय सर्वसाधारण न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्गीकरण रद्द केलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानं हा रद्द करण्याचा निकाल कायम केला. एका घनतेच्या आकड्यावर सगळं फिरलं. फाइल वाचताना गृहीत धरलेल्या आकड्यांवर बोट का ठेवायचं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पायरी ५: कागद-पेन घ्या आणि आकडा स्वतः काढा

माझ्या मते सगळ्या फाइलचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथं घाई करू नका.

सुरक्षित मात्रा काढण्याची रीत साधी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगात परिणाम दिसायला लागतो त्या आसपासची मात्रा, म्हणजे संदर्भमात्रा, शोधायची, ती माणसाच्या हिशेबात आणायची, आणि मग आपल्याला काय काय नीट माहीत नाही त्याबद्दल भागायचं.

एफ्सानं २०१५ मध्ये बिस्फेनॉल एसाठी हे असं केलं. परिणाम निवडला उंदरांच्या मूत्रपिंडाच्या वजनातला बदल. संदर्भमात्रा आली शरीराच्या किलोमागे दिवसाला ८,९६० मायक्रोग्रॅम. उंदराचं शरीर आणि माणसाचं शरीर हा पदार्थ वेगवेगळ्या वेगानं बाहेर टाकतं, म्हणून ०.०६८ नं गुणलं. आले ६०९. आता भागाकार. उंदीर आणि माणूस यांच्या संवेदनशीलतेतल्या उरलेल्या फरकासाठी २.५. माणसामाणसांतल्या फरकासाठी, म्हणजे गरोदर बाई, बाळ, म्हातारं माणूस, यांसाठी १०. आणि स्तनग्रंथी, प्रजनन, मज्जासंस्था, प्रतिकारशक्ती यांवरच्या परिणामांची शंका फिटली नव्हती, त्यासाठी आणखी ६. गुणाकार १५०. ६०९ भागिले १५०, म्हणजे साधारण ४ मायक्रोग्रॅम. ही ‘तात्पुरती’ मर्यादा म्हणून जाहीर केली. तो तात्पुरती शब्द त्या ६ मधून आलेला आहे.

मग पुन्हा मूल्यांकन करायचं ठरलं. नवे अभ्यास कसे निवडायचे, कसे तोलायचे, याची पद्धत त्यांनी २०१७ मध्येच छापून टाकली. निकाल बघून निकष बदलले, असं नंतर कुणी म्हणायला नको. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. २०१३ नंतरचे आठशेहून जास्त अभ्यास पाहून एप्रिल २०२३ मध्ये नवा आकडा आला. या वेळी सगळ्यांत कमी मात्रेत दिसलेला परिणाम होता उंदरांच्या प्लीहेतल्या टीएच-१७ या पांढऱ्या पेशी वाढण्याचा. माणसाच्या हिशेबातली संदर्भमात्रा ८.२ नॅनोग्रॅम (हजार नॅनोग्रॅमचा एक मायक्रोग्रॅम). भागायला पुन्हा २.५ आणि १०, आणि वर २. हा २ कशाला? इतर एखादा परिणाम याहूनही कमी मात्रेत होत असण्याची शक्यता समितीनं ५७ ते ७३ टक्के धरली होती, म्हणून. ८.२ भागिले ५० म्हणजे ०.१६, पूर्णांकित करून ०.२ नॅनोग्रॅम.

४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅम, म्हणजे मर्यादा वीस हजार पटींनी खाली. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २४० मायक्रोग्रॅम चालत होते, ते १२ नॅनोग्रॅमवर आले.

पायरी ६: आता संपर्क मोजा

मर्यादा एकटीच काही सांगत नाही. शरीरात जातं किती, त्याला मर्यादेनं भागायचं. उत्तर १ च्या खाली आलं तर जोखीम आवाक्यात आहे असं मानतात. २०१५ च्या अंदाजात अन्नातून सर्वांत जास्त बिस्फेनॉल ए लहान बाळांच्या पोटात जात होतं, किलोमागे दिवसाला ०.८७५ मायक्रोग्रॅमपर्यंत. जुन्या मर्यादेनं भागा, ०.२२ येतं. नव्या मर्यादेनं भागा, चार हजारांच्या वर. बाळ तेच, दूध तेच, डबा तोच. बदललं ते आपलं ज्ञान.

कारखान्याच्या अहवालात हाच भागाकार प्रत्येक कामासाठी वेगळा असतो: पोती रिकामी करणं, ड्रम भरणं, टाकी धुणं. तिथं हातमोजे आणि हवा खेचणारा पंखा ‘आहे’ असं धरून संपर्क कमी दाखवलेला असतो. आपल्या शॉपफ्लोरवर तो पंखा खरंच चालू आहे का, हे फक्त तिथला माणूसच सांगू शकतो.

पायरी ७: मतभेदाचा कागद आधी वाचा

२०२३ च्या आकड्याला सगळ्यांनी मान डोलावली नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेनं स्वतःचा हिशेब केला. नर उंदरांतल्या शुक्राणूंवरचा परिणाम धरून ती २०० नॅनोग्रॅमवर आली, म्हणजे एफ्साच्या हजारपट वर. युरोपीय औषध संस्थेचंही पटलं नाही. तिचा मुद्दा असा की पेशी वाढल्या ही मधली पायरी आहे, त्यातून माणसाला प्रत्यक्ष आजार होतो हा दुवा पुरेसा दाखवलेला नाही.

अशा वेळी काय करायचं हे कायद्यातच लिहिलेलं आहे. युरोपच्या २००२ च्या अन्न कायद्याचं कलम ३० सांगतं की मतभेद मिटला नाही तर दोन्ही संस्थांनी मिळून, नेमकं कुठं पटत नाही, याचा कागद लिहायचा आणि तो छापायचा. कुठल्याही मोठ्या फाइलमध्ये मी हा कागद सगळ्यात आधी काढते. पाणी कुठं मुरतंय ते दहा-वीस पानांत कळतं. आणि जर्मनीचा आकडा हजारपट वर असला तरी तोही जुन्या ४ मायक्रोग्रॅमच्या वीसपट खाली आहे, हेही तिथंच दिसतं.

पायरी ८: निर्णय कुणी आणि कशावरून घेतला ते शोधा

परत पावतीकडे. प्रस्ताव २०१४ मध्ये फ्रान्सनं आणला. दिवसभर पावत्या हाताळणाऱ्या गरोदर कॅशियरच्या पोटातल्या बाळाची त्यांना काळजी होती. रॅकनं २०१५ मध्ये सांगितलं: ग्राहकांची जोखीम आटोक्यात आहे, कॅशियरची नाही. सीॲकनं हिशेब मांडला आणि म्हटलं की पैशांच्या तराजूत खर्च फायद्यापेक्षा जास्त दिसतो. पण त्याच मतात तिनं हेही नोंदवलं की हा खर्च सगळ्या समाजावर थोडा थोडा पसरतो, सहज परवडण्यासारखा आहे, आणि अपाय मात्र कॅशियर या एकाच गटाच्या वाट्याला येतो.

आयोगानं डिसेंबर २०१६ मध्ये निर्बंध घातला. शास्त्रानं किंवा हिशेबानं तो आपोआप आला नाही. ओझं कुणी वाहावं, हा प्रश्न माणसांनी सोडवला, आणि माझ्या मते बरोबर सोडवला. अन्नाच्या बाबतीतही तसंच झालं. मतभेद समोर असताना आयोगानं डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कातल्या वस्तूंत बिस्फेनॉल एवर बंदी आणली. ती २० जानेवारी २०२५ पासून लागू झाली. बहुतेक वस्तूंना १८ महिन्यांची मुदत मिळाली, फळं, भाज्या आणि मासे टिकवण्याच्या काही डब्यांना ३६ महिन्यांची. या दुसऱ्या गटातून फळांचे रस वगळलेले आहेत. कोकणातून आंब्याचा पल्प डब्यांत भरून युरोपला पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी आत्ताच कराव्यात. डबेवाल्याकडून आतल्या लाखेचं लेखी प्रमाणपत्र घ्यावं, आणि आपला माल कोणत्या मुदतीत बसतो हे आयातदाराकडून लेखी घ्यावं. फोनवरचं ‘चालेल हो’ बंदरावर उपयोगाला येत नाही.

पायरी ९: खिडकी उघडी असताना बोला

प्रत्येक टप्प्यावर जनतेकडून माहिती मागवतात: चिंताजनक यादीसाठी ४५ दिवस, वर्गीकरणासाठी ६० दिवस, निर्बंधासाठी ६ महिने. मत पाठवायला युरोपचं नागरिक असावं लागत नाही. ‘आमचा धंदा बुडेल’ एवढंच लिहिलेल्या पत्राला वजन नसतं. ‘हा पर्याय आम्ही वापरून पाहिला, या तापमानाला तो टिकला नाही, हे निकाल’ असं लिहिलं तर समितीला त्याची दखल घ्यावी लागते. वसाहतीतल्या चार कारखान्यांनी मिळून असं एक पत्र पाठवणं काही अवघड नाही.

पर्यायाचा विषय निघालाच तर पावतीचा शेवटही सांगते. बिस्फेनॉल ए गेलं आणि बऱ्याच कागदात त्याचं भावंड बिस्फेनॉल एस आलं. जानेवारी २०२३ मध्ये तेही चिंताजनक यादीत गेलं. आगीतून फुफाट्यात. म्हणून ‘बीपीए-फ्री’ लिहिलेला रोल घेताना, मग त्यात काय आहे, त्याचा कॅस नंबर काय, हे विचारा. पायरी १ चा उपयोग इथंही आहे.

युरोपात राहत असाल तर

तिथल्या मराठी वाचकांच्या हातात एक साधन आहे आणि फार थोडे जण ते वापरतात. विकत घेतलेल्या वस्तूत यादीतला पदार्थ ०.१ टक्क्याहून जास्त असेल, तर विचारणाऱ्या ग्राहकाला विक्रेत्यानं ४५ दिवसांत, विनामूल्य, निदान त्या पदार्थाचं नाव तरी कळवायचं, असं रीचच्या कलम ३३ मध्ये आहे. हे ०.१ टक्के सगळ्या वस्तूच्या वजनावर मोजून चालत नाही. २०१५ मध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की जोडवस्तूतला प्रत्येक भाग वेगळा धरायचा. सायकल घेतली तर हँडलच्या रबरी मुठीचं वजन वेगळं, साऱ्या सायकलीचं नाही.

पत्र चार ओळींचं पुरतं, तिथल्या भाषेत:

‘मी आपल्याकडून अमुक तारखेला ही वस्तू घेतली, पावती सोबत जोडली आहे. हिच्या कोणत्याही भागात अतिचिंताजनक यादीतला पदार्थ वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त आहे का? असल्यास त्याचं नाव आणि सुरक्षित वापराची माहिती रीचच्या कलम ३३(२) नुसार ४५ दिवसांत कळवावी.’

वस्तूत असं काही नसेल तर उत्तर देणं विक्रेत्याला बंधनकारक नाही, त्यामुळे ‘नसेल तरी तसं कळवा’ अशी विनंती शेवटी जोडा. पत्र पाठवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि पावतीचा फोटो लगेच काढा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात.